मनोऱ्यातला फेस

१

दत्तोबाच्या उशाशी ठेवलेली पणती विझली होती, आणि तिच्यात तेल मात्र काठोकाठ होतं.

रोज पहाटे उठून दत्तोबा देवाच्या तसबिरीपुढं जमिनीवर ती पणती लावायचा आणि उजाडेपर्यंत पुन्हा आडवा व्हायचा. पॉलीहाऊसचा तो राखणदार. मिरची तोडायला सगळ्यांच्या आधी येणाऱ्या शकुबाईला ती पणती रोज जळताना दिसायची. चारी बाजूंनी प्लॅस्टिकनं बंद केलेल्या जागेत वारा कुठला यायला?

पण शकुबाईला हे सुचलं नंतर. त्या सकाळी आत शिरली तेव्हा चार वर्षांची नात सारजा तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. सारजाची आई पहाटेच बारामतीच्या कंपनीत कामाला जायची, म्हणून नात रोज आजीबरोबर. दोन वाफ्यांमधल्या वाटेवर पोतं अंथरायचं, नातीला त्यावर निजवायचं आणि कामाला लागायचं, हा रोजचा क्रम.

शकुबाई पोतं अंथरायला वाकली आणि तिची छाती आवळली. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना. डोकं गरगरलं. ती ताडकन उभी राहिली, तसं जरा बरं वाटलं.

तेव्हा तिला तो दिसला. फेस.

वाफ्यांच्या कडेनं भोकं पाडलेल्या नळ्या गेल्या होत्या. त्यांतून रोज डोळ्यांना न दिसणारा वायू यायचा. आज त्या प्रत्येक भोकातून तपकिरी फेस बाहेर येत होता, आवाज न करता, जिवंत असल्यासारखा. मासळीसारखा उग्र वास सुटला होता. वाटेत दत्तोबाचं कुत्रं पाय ताणून पडलं होतं, आणि त्याच्या पलीकडं, जमिनीवरच्या अंथरुणात, दत्तोबा.

"दत्तोबा! अवो दत्तोबा!"

दत्तोबाचे ओठ निळे पडले होते.

२

राजलक्ष्मीबाई वडगाव निंबाळकरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. फौजदार वृषाली त्यांची विद्यार्थिनी. इंदापूरकडच्या ठाण्यात बदली होऊन तिला फार दिवस झाले नव्हते.

"बाई, माणूस बारामतीच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे," ती म्हणाली. "अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. डॉक्टर म्हणतात, श्वास कोंडला. उघड्या शेतात श्वास कोंडतो कसा?"

"शेत उघडं नाही, वृषाली. चल, दाखव."

बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला कोळशावर चालणारं एक छोटं खाजगी वीजघर आहे. त्याच्या चिमणीशेजारी दोन उंच मनोरे उभे आहेत. बाईंनी एकदा मुलांची सहल तिथं नेली होती, तेव्हा मुलांना सांगितलं होतं ते असं: धुरात कर्बवायू असतो. पहिल्या मनोऱ्यात धूर खालून वर चढतो आणि वरून औषधाचा पाऊस पडतो. हे औषध कर्बवायूला धरून ठेवतं. मग दुसऱ्या मनोऱ्यात औषध तापवलं की ते वायूला सोडून देतं आणि पुन्हा कामाला लागतं. पकडलेला वायू नळ्यांतून शेजारच्या सुयोग नावाच्या शेतकऱ्याच्या पॉलीहाऊसमध्ये जातो. झाडांचं ते अन्नच. मिरची जोमानं वाढते.

"पण माणसाला?" तेव्हा एका मुलीनं विचारलं होतं.

"थोडा असला तर काही नाही. फार साठला तर माणूस ओरडायच्या आत पडतो. आणि हा हवेपेक्षा जड. पाण्यासारखा तळाशी साठतो."

वीजघराचे व्यवस्थापक मानसिंगराव फाटकातच भेटले. बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरत होता.

"आमच्याकडं काही दोष नाही, बाई. चिमणी बघा, तुमच्या चुलीचा धूर हिच्यापेक्षा काळा असंल. राख तर रोज निघते, वीटभट्टीवाले भांडतात तिच्यासाठी. सुयोगनं आत गंधकाची धुरी दिली, त्यातनं हे झालं. उद्या सकाळी वायू पुन्हा सुरू करणार. तोडणी थांबली तर मिरची झाडावरच पिकंल."

फाटकाशी शकुबाई उभी होती. कडेवर सारजा.

"उद्या तुम्ही जाणार?" बाईंनी विचारलं.

"जायला लागंल की. न्हाय गेलं तर दुसरीला लावत्यात."

"आणि ही?"

"हिला कुठं ठेवू, बाई? रोजच्यावानी पोत्यावर."

बाईंनी त्या पोरीच्या उंचीकडं पाहिलं. उभी राहिली असती तरी मिरचीच्या झाडाच्या निम्म्यात आली नसती.

३

सुयोग घाबरला होता, म्हणून मोठ्यानं बोलत होता.

"धुरी देतो, व्हय देतो! मिरचीवर भुरीची बुरशी पडते, मग गंधक जाळायला नको? पण ह्या आठवड्यात दिली न्हाय. त्या मानसिंगरावाला इचारा, त्याला बळीचा बकरा मीच गावलो व्हय?"

प्लॅस्टिकचे पडदे आता गुंडाळून वर केले होते. बाई वाफ्यांमधून हळूहळू चालल्या. एक एक पान उलटून पाहत होत्या, जशा वह्या तपासाव्यात.

"वृषाली, गंधकाचा धूर कोंडला तर पानं कुठली जळतील?"

"सगळीच."

"शेंड्याचीसुद्धा. आणि शकुबाई दारातच ठसकली असती. इथं फक्त बुडातली पानं जळलीत, फेस लागला तिथं. सुयोग खरं बोलतोय."

वाफ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पांढरी डबी होती. वायू किती झाला हे मोजून ती झडप उघडायची किंवा मिटायची. तिच्या जाळीवर फेस वाळून पापुद्रा बसला होता.

"डबीचं नाक बुजलं," बाई म्हणाल्या. "तिला वाटलं वायू नाहीच, म्हणून तिनं झडप सताड उघडली. झाडं वायू उजेडातच खातात, म्हणून अंधार सरला तसा तो सुरू झाला आणि खालून वर भरत गेला. पणती बुडाली, कुत्रं बुडालं, दत्तोबा बुडाला. शकुबाई उभी होती म्हणून तिचं डोकं वर राहिलं."

कोरड्या जागेत माणूस बुडतो, हे वृषालीनं कधी ऐकलं नव्हतं.

"शकुबाई, तो फेस हाताला लागला होता?"

"लागला की. बुळबुळीत. मागनं हात धुतलं तर साबणच लागला न्हाय बघा. पानांचा काळा डाग कवा निघत न्हाय, त्यो बी निघाला."

बाई थांबल्या. "मग तो नुसता औषधाचा फेस नव्हता."

४

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक खोली होती. तिथं ज्ञानेश बसायचा. कोऱ्हाळे बुद्रुकचा, तिशीचा, डोक्याला पूर्ण टक्कल. मनोऱ्याला बसवलेल्या जाड काचेतून आतलं औषध बघायचं, हे त्याचं काम.

बाईंनी काचेत डोकावलं. सहलीच्या वेळी औषध फिक्या चहासारखं होतं. आता ते काकवीसारखं काळपट दिसत होतं.

"कधीपासून असं?"

"झालं थोडं दीस." ज्ञानेश वर बघत नव्हता.

फळीवर चहाची किटली होती, तिच्या मागं एक डबा. बाईंनी वास घेतला. एरंडेल.

"हे कशाला रे?"

"डोक्याला लावाया, बाई. केसास्नी बरं."

दारात उभ्या वीजघराच्या शिपायाला हसू आवरेना. "कुठल्या केसास्नी, ज्ञानबा? पुढच्या जन्माच्या?"

ज्ञानेशच्या टकलावर घाम दिसू लागला. तो बाहेर गेला आणि मोठ्या पाइपावर टाकलेला पंचा ओढून तोंड पुसू लागला. पंचा कडकडीत वाळलेला होता.

"आता तर धुतलास की," शिपाई म्हणाला.

"हितं घटकेत वाळतोय. आवसंला मशिनीपुढं नारळ फोडला, तवापास्नं ह्या पाइपाला ऊब आलीया. देवीची किरपा म्हणायची."

"नारळ कोण फोडतं?" बाईंनी सहज विचारलं.

"साहेबच की. पर ह्या आवसंला साहेब उशिरा आलं. आमी सगळी पूजेला थांबलेलो. आलं ते हाताला वंगण. हात धुवून आलं, मग फोडला."

बाईंनी मान हलवली, आणि काचेजवळच्या तोटीतून बाटलीभर काळपट औषध मागून घेतलं. फाटकाकडं जाताना त्यांना आपल्या पाठीवर कुणाची तरी नजर जाणवली. वळून पाहिलं. कचेरीच्या खिडकीत मानसिंगराव उभे होते. त्यांचा जुडगा फिरायचा थांबला होता.

५

त्या संध्याकाळी बाईंनी स्वयंपाकघरात एक जुनं पातेलं चुलीवर चढवलं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात चमचाभर एरंडेल टाकलं.

"बघ वृषाली. पाणी उकळून फेसाळलं होतं. तेल पडताच काय झालं?"

"फेस बसला."

"आता थांब. शिकायचं तर थांबता आलं पाहिजे."

पातेलं बराच वेळ रटरटत राहिलं. आणि मग कडेनं पांढरा फेस उठला. तो वाढत गेला, फुगत गेला, काठावरून उतू जाऊन खाली सांडला. वृषाली दोन पावलं मागं सरकली.

"साबण," बाई म्हणाल्या. "तेल आणि सोडा तापवला की साबण होतो. मनोऱ्यातलं औषधही सोड्याच्याच जातीचं, आणि तिथं ते तापवतातच. तो फेस वायूबरोबर नळ्यांत उतरला. ज्ञानेशला हाक मार. तो बाहेर उभा आहे मघापासून."

ज्ञानेश खरंच ओसरीवर होता. आत आला आणि खालीच बसला.

"मीच मारला दत्तोबाला, बाई. बेड्या घाला." तो लहान मुलासारखा रडायला लागला. "आजा माझा गुळव्या. काहिलीत उसाचा रस उकळून फेस वर आला की त्यो एरंडेलाचं थेंब टाकायचा, फेस गपकन खाली. हितं मनोऱ्यात फेस यायला लागला. साहेबांस्नी सांगितलं, तर म्हणालं, 'तुझं तू बघ, मनोरा बंद पडला तर तुझी नोकरी बी बंद.' मग काल सांजच्याला अर्धा डबा ओतला. गप झाला बघा. मला वाटलं जिंकलो. पर सकाळी..."

वृषालीनं मानसिंगरावांना फोन केला. पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला.

"बरं झालं, गुन्हेगार सापडला. आम्ही फेस मारायचं रसायन टाकलंय. सकाळी वायू सुरू."

"नको," बाई म्हणाल्या. "थांबव त्यांना."

"बाई, गुन्हा कबूल झालाय. कशाच्या आधारावर थांबवू?"

बाईंनी ओट्यावरची बाटली उचलली. दुपारी आणलेलं औषध आता निवळलं होतं. तळाशी बोटभर करडा गाळ बसला होता.

"ज्ञानेशनं तेल ओतलं ते फेस आला म्हणून. मग पहिला फेस कशानं आला?"

वृषालीनं बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"चोर सापडला म्हणतेस, आणि चोरी अजून चालूच आहे."

६

सकाळी दोघी फाटकाशी पोचल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला रिकामा ट्रॅक्टर उभा होता. वीटभट्टीवाल्या प्रयागबाई ट्रॉलीच्या कठड्याला टेकून शिपायाशी भांडत होत्या.

"आरं, आज तरी हाय का न्हाय राख? का ह्यो ट्रॅक्टर माज्या सासऱ्याचा हाय, फुकट पळवाया?"

"कधीपासून मिळत नाही राख?" बाईंनी विचारलं.

"आवसंपास्नं बघा. आधी रोज ट्रॉली भरायची. आता रोज म्हणत्यात, उद्या या."

"कोळसा जळतोय ना?"

"ढीग जळतोय! ट्रकच्या ट्रक येत्यात. मला बी कळंना, राख जाती कुठं."

बाईंनी मान वर करून मनोऱ्याकडं पाहिलं. उन्हं नुकतीच काचेवर पडली होती. काचेच्या आत तपकिरी फेस चढत होता.

"वृषाली, वायू सुरू झालाय. पोरगी आत असेल."

बाईंचे गुडघे दुखायचे, पण त्या दिवशी त्या पळाल्या. वृषाली पुढं. पॉलीहाऊसचे पडदे पुन्हा खाली सोडलेले होते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आड बायकांच्या सावल्या हलत होत्या. कुणीतरी हसत होतं.

"सगळ्या बाहेर या!" वृषाली ओरडली. "वाकू नका, बाहेर या!"

दारातल्या कोनाड्यात दत्तोबाची पणती कुणीतरी लावून ठेवली होती. बाईंनी ती उचलली आणि हात खाली खाली नेला. छातीशी ज्योत सरळ होती. कमरेशी लवली. मांडीपाशी आली आणि फुंकर न घालता विझली.

"शकुबाई! सारजा कुठंय?"

तिसऱ्या वाफ्यात शकुबाई उभी होती, ओटीत मिरच्या. तिनं हसत खाली बोट दाखवलं. "ही काय, निजलीया. साहेब म्हणालं, औषध टाकलंय, आता भ्या न्हाय."

मग तिनंही खाली पाहिलं. पोत्याच्या कडेपर्यंत फेस आला होता. पोरीचा हात त्यात पडला होता आणि ती तो काढून घेत नव्हती.

मिरच्या सांडल्या. "श्वास धर! धर आणि मग वाक!" बाई ओरडल्या. शकुबाईनं गालफडं फुगवली, वाकली, नातीला केळीच्या घडासारखी उचलून वर धरली, दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर, आणि तशीच वाट तुडवत बाहेर आली.

पोरीची मान लोंबत होती.

वृषालीनं तिला बांधावर निजवून तोंडानं श्वास दिला. एकदा, पुन्हा, पुन्हा. शकुबाई पोरीचे तळवे चोळत होती. बाकीच्या बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

सारजानं ठसका दिला. मग तिनं डोळे उघडले आणि एवढी माणसं बघून भोकाड पसरलं.

७

"हे दुर्दैव आहे," मानसिंगराव म्हणाले. झडप बंद करवून ते पॉलीहाऊसपाशी आले होते. "ज्ञानेशच्या तेलानंच हे..."

"ज्ञानेशची चूक मोठी आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांना अजून धाप लागत होती, पण आवाज वर्गातल्यासारखा सावकाश होता. "पण ती दुसरी चूक. पहिली तुमची. माझ्याबरोबर चला."

त्या सगळ्यांना घेऊन ज्ञानेशचा पंचा वाळत असायचा त्या पाइपाजवळ आल्या. ओंजळभर पाणी त्यावर शिंपडलं. ते बघता बघता वाळलं.

"कोळसा जळला की राख होणारच. ती धुराबरोबर उडते आणि मनोऱ्याआधीच्या कापडी पिशव्यांत अडकते. तिथून प्रयागबाईंच्या ट्रॉलीत. हा पाइप पिशव्यांना वळसा घालून जातो. अडचणीतच उघडायचा, एरवी बंद. बंद पाइपाचा पत्रा गार असायला हवा. याला अवसेपासून ऊब आहे. प्रयागबाईंची राखही अवसेपासूनच बंद. आणि त्याच दिवशी सगळे कामगार पूजेला थांबले असताना तुम्ही वंगणाच्या हातानं आलात."

"राख आत गेली तर चिमणी काळी पडली असती!" मानसिंगराव ओरडले. "ती पांढरी आहे!"

"पांढरीच असणार. तुमची राख औषधानं धुऊन काढली. ती गाळ होऊन माझ्या बाटलीत बसली आहे. काल तुम्ही म्हणालात, राख रोज निघते. ते खोटं बोलायची गरज फक्त एकालाच होती."

बाई ज्ञानेशकडं वळल्या. तो अपराधी पोरासारखा मागं उभा होता.

"राखेनं फेस होतो. शिवाय मनोऱ्याआधी धूर सोड्याच्या पाण्याच्या फवाऱ्यांनी धुतात; राखेनं त्यांची तोंडं बुजतात, मग कोळशातल्या गंधकाचा आंबट वायूही आत शिरतो. कर्बवायू औषधाकडं पाहुणा म्हणून येतो. तापवलं की जातो. गंधकाचा वायू घरजावई होतो. कितीही तापवा, जात नाही. म्हणून औषध काळं पडलं. त्यात तू तेल ओतलंस, त्याचा साबण झाला. फेस मारायच्या रसायनानं तो एक रात्र दबला असेल, पण खालून घाण येतच होती."

पाइपाच्या झडपेला कुलूप होतं. वृषालीनं हात पुढं केला. मानसिंगरावांनी जुडगा मुठीत आवळला, मग सोडला. तिसरी किल्ली लागली. आत झडप पूर्ण उघडी होती, तिच्या दांड्यावर ताजं वंगण.

"पिशव्या फाटल्या होत्या," मानसिंगराव हळू म्हणाले. "नव्या यायला वेळ होता. बंद ठेवायचं तर आठवडाभर... मोठे पाहुणे बघायला येणार होते. मला वाटलं, थोडी राख. थोड्यानं काय होतं?"

"ज्ञानेशनं फेस येतोय म्हणून सांगितलं, तेव्हा तुम्हाला कळलं होतं काय होतं ते," वृषाली म्हणाली. "काल माणूस पडला, तरी आज वायू सोडलात."

"बाई, मला बी न्या," ज्ञानेश म्हणाला. "दत्तोबा उठला न्हाय तर..."

"तू जे केलंस ते जसंच्या तसं लिहून दे. काही झाकू नकोस, काही वाढवू नकोस." बाईंनी त्याच्या टकलावर हात ठेवला. "आणि आजोबाची विद्या विसरू नको. फक्त ती कुठल्या काहिलीची, ते बघत जा."

८

दत्तोबा शुद्धीवर आला, पण उजव्या हाताची बोटं त्याला पुन्हा नीट वळवता आली नाहीत. पहिलं काय विचारलं, तर कुत्र्याचं. कुणी सांगायला धजेना.

नव्या पिशव्या आल्या, मनोऱ्यातलं औषध बदललं, पांढऱ्या डब्या एकीच्या जागी चार झाल्या. प्रयागबाईंची ट्रॉली पुन्हा भरून जाऊ लागली. पडदे आता अर्धे वरच ठेवतात.

तोडणी सुरू झाली त्या सकाळी राजलक्ष्मीबाई मुद्दाम आल्या. दारात शकुबाईनं पणती लावली, दोरी बांधलेल्या ताटलीत ठेवली आणि विहिरीत सोडावी तशी सावकाश खाली सोडली. कंबर. गुडघा. जमीन.

ज्योत सरळ जळत राहिली. बायका आत शिरल्या.

"आजी, जळतीया की," कडेवरून सारजा म्हणाली. "मी बसू खाली?"

शकुबाईनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली, काही भीती नाही म्हणून.

शकुबाई पुन्हा त्या ज्योतीकडं बघत राहिली. मग तिनं पदराचं टोक घट्ट खोचलं, पोरीला पाठीशी बांधून घेतलं आणि मिरच्या तोडायला लागली.

"मोठी हो," ती म्हणाली. "ह्या झाडाच्या वर तुझं डोकं निघू दे. मग बस."